तिसरा पुकारा

कोर्टात शिपायाची नोकरी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते रोज अंगावर येऊन पडतात. मी नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या कोर्टांच्या दारात उभा राहून आयुष्यभर पुकारा केला. म्हणजे जज्जसाहेबांनी फाईल हातात घेतली की पक्षकाराच्या नावानं तीन हाका मारायच्या. तिसऱ्या हाकेलाही कोणी आलं नाही तर दावा काढून टाकतात! ज्याला वकील आहे त्याच्यासाठी वकील धावतो. ज्याला नाही, त्याचं सगळं माझ्या घशावर.

आता रिटायर झालोय. चहाला बसलं की मित्र म्हणतात, "मामा, गिरजाबाईचं सांग." म्हणून तिच्यापासूनच सुरू करतो.

*

गिरजाबाई मुखेडकडच्या एका खेड्यातली. नवरा गेलेला, चार एकर रान. रानात जायची वाट शेजारच्या माधवरावांच्या बांधावरून. ती त्यांनी काटे टाकून बंद केली. बैल आत जाईनात, पेरणी अडली. बाईनं वकील न लावता स्वतःच दावा दाखल केला.

पहिल्याच तारखेला मी दारात तीन हाका मारल्या. कोणी आलं नाही. दावा गेला.

दुपारी बाई माझ्यासमोर उभी. सकाळपासून गेटजवळच्या लिंबाखाली बसून होती!

"मी हितंच व्हते की!"

"बाई, मी तीनदा हाक मारली."

"कुठं उभं राहून?"

"इथं, दारात."

"भाऊ, लेकराला जेवायला बोलवायचं आसंल तर मी चुलीपाशी बसून हाक मारत न्हाई. भाईर जाते!"

मला लाज वाटली, खरंच सांगतो. तिला भिंतीकडेला बसवलं आणि दावा पुन्हा सुरू करण्यासाठी अर्ज कसा लिहायचा ते सांगितलं.

*

अर्ज तिनं शाळेच्या वहीच्या पानावर लिहिला, या कडेपासून त्या कडेपर्यंत. खिडकीवरच्या क्लार्कनं तो परत सरकवला.

"मार्जिन कुठंय? डावीकडं दीड इंच जागा सोडायची असते, बाई."

"माझी वाट अडवणाऱ्यानं बोटभर जागा सोडली न्हाई. मी कशाला दीड इंच सोडू?"

सगळी रांग हसली. क्लार्क माणूस चांगला. त्यानं पानाच्या डाव्या बाजूला कोऱ्या कागदाची पट्टी चिकटवली आणि अर्ज घेतला. दावा पुन्हा बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, आला.

*

त्यानंतर मी पहिली हाक दारात, दुसरी लिंबाखाली आणि तिसरी रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीपाशी मारायला लागलो. वकील मंडळींना हसू आवरेना. माधवरावांचे वकील तर म्हणाले, "मामा, उद्या बसस्टँडवर जाऊन पुकारा कराल!"

"लोक तिथं आसले तर तिथंबी करू, साहेब."

आठवड्याभरात मेमो आला. पुकारा दारात करण्याची पद्धत असताना टपरीवर का केला, याचा लेखी खुलासा करावा. सोबतचे म्हणाले, माफी मागून मोकळा हो. माफी कशाची? चोरी केली होती का मी? मी एकच ओळ लिहून दिली, 'पक्षकार तिथे होते.'

दुसरा मेमो काही आला नाही.

*

गिरजाबाई एकटीच अशी होती असं समजू नका. त्याआधी लातूर जिल्ह्यात असताना उदगीरकडचे एक किराणा दुकानदार पाहिले. शिवाप्पा त्यांचं नाव. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग. जागेच्या मालकानं दुकान खाली करून मागितलं होतं आणि शिवाप्पा स्वतःच स्वतःची बाजू मांडत होते.

समोरचे वकील पाऊण तास बोलले. मग शिवाप्पा उभे राहिले, तर साहेब म्हणाले, "थोडक्यात सांगा."

शिवाप्पांनी मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि टेबलावर ठेवलं. "साहेब, त्यांना पाऊण तास मिळाला. मलाबी तेवढाच पायजे. माझ्या दुकानात गिऱ्हाईक बघून माप बदलत न्हाई."

साहेबांनी मान हलवली. शिवाप्पा बोलले किती? नऊ मिनिटं! मग घड्याळ उचलून म्हणाले, "झालं माझं. उरलेला येळ भाईर ताटकळलेल्या लोकांना द्या."

*

इकडे माधवरावांनी शपथेवर सांगून टाकलं की तिथं वाट कधी नव्हतीच. आता त्यांना प्रश्न कोण विचारणार? साहेब म्हणाले, "बाई, तुम्हाला मोफत वकील मिळू शकतो. देऊ का?"

"नगं साहेब. त्या वाटंवर दगड किती, वळणं किती, मला ठावं हाय. मीच इचारते."

ती पिंजऱ्यासमोर गेली. पदर खोचला.

"दादा, तुमच्या मायची मयत वढ्याकडं कोणत्या वाटंनं नेली?"

वकील ताडकन उठले. "या प्रश्नाचा इथं काय संबंध?"

"दावा वाटेचाच आहे," साहेब म्हणाले. "उत्तर द्या."

माधवरावांनी आपल्या वकिलांकडं पाहिलं. बाईचा आवाज जरा हलला. "खांदेकऱ्यांना पाणी मी दिलं व्हतं, दादा. तुमालाबी दिलं."

माधवराव पुटपुटले, "हाव. त्याच वाटंनं नेली."

साहेबांनी उत्तर लिहून घेतलं.

*

राहिला शेवटचा युक्तिवाद. त्या तारखेला बाई हजर नसली तर हाताशी आलेला दावा पुन्हा जाणार होता, आणि दुसऱ्यांदा तो बोर्डावर येणं फार कठीण. नेमका बाजाराचा दिवस. मुखेडकडची बस आलेली नव्हती.

माधवरावांचे वकील उठले. "वादी गैरहजर आहे, साहेब. दावा काढून टाकावा."

"पुकारा करा," साहेब म्हणाले.

पहिली हाक दारात मारली. कोणी नाही.

दुसरी लिंबाखाली. कोणी नाही.

तिसऱ्या हाकेसाठी टपरीपाशी आलो, तर बाकडी रिकामी. तोंड उघडलं आणि मिटलं. तिसरी हाक अजून माझ्याकडं शिल्लक होती. ती मारली नाही, तशीच घेऊन चालायला लागलो. युनिफॉर्मवर, भर उन्हात, पार बसस्टँडपर्यंत!

बस आत वळत होती. मी छाती भरून दाव्याचा नंबर पुकारला आणि तिचं नाव पुकारलं. सगळं बसस्टँड माझ्याकडं बघायला लागलं. बसच्या खिडकीतून कागदांची पिशवी धरलेला एक हात बाहेर आला.

"हजर हाय! हजर हाय!"

आम्ही दोघं धापा टाकत कोर्टात शिरलो. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

"तिसरा पुकारा कुठं केलात?"

"बसस्टँडवर, साहेब."

वकील उठले. "साहेब, हे नियमात कुठं..."

साहेबांनी हातानंच त्यांना बसवलं. रोजनामा, म्हणजे त्या दिवसाच्या कामाची नोंद, पुढं ओढला आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, "तीन वेळा पुकारा केला. वादी स्वतः हजर."

मग पेन खाली ठेवलं.

"हं, बाई. बोला."