सांडूमामांचं झाकण

सांडूमामा आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. मूळचे सोयगावचे, दहावी नापास, राहायला हर्सूलला. गॅमा किरण मोजायच्या यंत्राची कोपऱ्यातली खोली सत्तावीस वर्षं त्यांच्याच ताब्यात होती. सकाळी आले की यंत्र सुरू करायचे, जरा तापू द्यायचे, मग किरणांचा स्रोत ठेवून खिळ्यावरचं स्टीलच्या डब्याचं झाकण मध्ये धरायचे. उदबत्ती ओवाळतात तसं. आम्ही हसायचो, विचारलं मात्र कुणीच नाही.

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला माझ्याकडे सीझियमचा प्रयोग आला. पडद्यावरच्या आलेखात उजवीकडे मोठं शिखर उमटलं, ते पुस्तकात होतं. पण पार डावीकडे एक बुटकं शिखरही होतं. मी वहीत लिहिलं, ‘डावीकडे गोंगाट. यंत्र सदोष.’ घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, शेरे मारायची भारी हौस. विभागप्रमुख श्रीरंग सरांनी तो शेरा वाचला आणि यंत्र भंगाराच्या यादीत घातलं. यंत्र गेलं की खोलीला कुलूप लागणार, आणि मामांची निवृत्तीआधीची दोन वर्षं गोदामात जाणार.

मामा रागावले नाहीत. फक्त म्हणाले, “सायलीबाई, लई हुशार झालात. बारकं दिसलं की खोटंच व्हय?”

“मामा, पुस्तकात नाहीय ते.”

“पुस्तक म्या नाय वाचलं. पण झाकण धरलं की बारकं पळतं, मोठं हलत नाय. यंत्राचा गोंगाट झाकणाला कशाला भील?”

मी झाकण धरलं. बुटकं शिखर जवळजवळ सपाट झालं, मोठं तसंच राहिलं. त्या दिवशी ग्रंथालयातून जाडजूड पुस्तक काढलं आणि लाजले. सीझियमचं केंद्रक बदलून बेरियमचं होतं, तेव्हा त्याच्याकडे जादा ऊर्जा उरते. बहुतेक वेळा ती गॅमा किरण होऊन बाहेर पडते. कधीकधी मात्र केंद्रक ती थेट आतल्या कवचातल्या इलेक्ट्रॉनला देऊन त्यालाच बाहेर फेकतं. रिकाम्या जागेत बाहेरच्या कवचातला इलेक्ट्रॉन उतरतो आणि एक दुबळा क्ष-किरण निघतो. तेच ते बुटकं शिखर. दुबळं, म्हणून डब्याच्या पत्र्यानंही अडतं.

यादी तपासायला समिती आली, तेव्हा मी सगळ्यांसमोर सांगितलं, “शेरा माझा होता आणि चुकीचा होता.” मामांनी झाकण धरून दाखवलं. समितीच्या चारुता मॅडम वाकून बघत राहिल्या.

“हे झाकण कुठल्या कंपनीचं?”

“आमच्या हिच्या डब्याचं हाय मॅडम. सरकारी नाय.”

यंत्राचं नाव यादीतून गेलं. श्रीरंग सरांनी झाकणाची मात्र प्रयोगशाळेच्या साहित्यात नोंद करून टाकली.

गेल्या वर्षी मामांचा निरोप समारंभ झाला. सरूबाईमामी पहिल्यांदाच त्या खोलीत आल्या. खिळ्याकडे बघून थबकल्या.

“अगं बया! हे इथं व्हय? अन् मी इतकी वर्षं डबा फडक्यानं बांधतीय!”

मामा जमिनीकडे बघत होते. सर म्हणाले, “मामी, ते आता देता येत नाही.”

मी आता छावणीजवळच्या एका रुग्णालयात किरणोपचार विभागात आहे. पहिल्या पगारात गुलमंडीवरून स्टीलचा डबा घेतला आणि हर्सूलला गेले. मामांनी डबा बाजूला ठेवला, नुसतं झाकण उचललं आणि नखानं वाजवून पत्रा किती जाड आहे ते बघितलं.

“जमंल,” म्हणाले.

मामींनी ते लगेच त्यांच्या हातातून काढून घेतलं.