मानेतली शिलाई की ठिगळ?

ऑपरेशन थिएटरमध्ये किस्से साचायला वेळ लागत नाही. हात सगळ्यांचे गुंतलेले आणि तोंडं मोकळी! मी नगरच्या एका हॉस्पिटलात भूल देतो. पेशंटच्या उशाशी बसायचं, मॉनिटर बघायचा आणि दोन सर्जनची भांडणं ऐकायची, हे माझं काम.

भांडण एकच. मेंदूकडे जाणारी मानेतली धमनी कधीकधी आतून चुनखडीसारख्या थराने बुजते. ती उभी चिरायची, थर काढायचा आणि परत शिवायची. आता शिवताना काठाला काठ भिडवून सरळ टाके घालायचे, की मध्ये ठिगळ, म्हणजे पॅच, लावून ती ऐसपैस ठेवायची? आमचे मोठे सर शिलाईवाले. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या गायत्री मॅडम ठिगळवाल्या.

सर म्हणायचे, "शिंपी चांगला असेल तर ठिगळ कशाला?"

मॅडम म्हणायच्या, "सर, शिलाईत कापड जातंच. शर्ट घट्ट झाला तर उसवता येतो. ही कोण उसवणार?"

सर हसायचे. धमनी फारच बारीक असली तर कुरकुरत पॅचला हो म्हणायचे, एरवी सरळ टाके! शेवटचा शब्द त्यांचाच. मला मॅडमचं वाईट वाटायचं, कारण बाईंचा हात खरंच सुरेख आहे.

*

पॅच तरी कशाचा? कृत्रिम कापडाचा मिळतो, पेशंटच्याच पायातल्या शिरेचा करता येतो.

राजूरकडच्या एका आजींना मॅडम समजावत होत्या, "आजी, तुमच्या पायातली थोडी शीर काढून मानेला लावू."

आजींनी लुगडं सावरून पाय आत घेतले. "माझी न्हाई द्यायची! बाजाराला डोंगर उतरून मीच येते. ह्यांच्या पायाची घ्या. ते नुसते पाय पसरून बसल्याले असत्यात!"

शेजारी स्टुलावर पाय पसरून बसलेल्या आजोबांनी ते गपकन आखडले!

*

तिसरा पॅच बैलाच्या हृदयावरच्या पातळ आवरणाचा. तो वापरायचा तर आधी सांगावंच लागतं. श्रीगोंद्याचे एक ऊसवाले शेतकरी, कपाळाला गंध, सोबत चार भाऊबंद. आता हे चिडतील की काय, म्हणून सरांनी ती जबाबदारी मॅडमवर ढकलली. मॅडमनी घाबरत घाबरत सांगितलं.

काका कपाळाच्या गंधाला हात लावून म्हणाले, "आमच्या बैलांनी जन्मभर नांगुर वढला, गाडी वढली. आता त्यांना मलाबी वढू द्या की थोडं!"

*

हे ऑपरेशन आम्ही फक्त मान बधिर करून करतो. पेशंट जागा असतो. चिमटे लावून धमनीतलं रक्त थांबवलं की मेंदूला सोसतंय का, हे कळायला त्याच्या हातात एक रबरी बदक देतो. मी "दाबा" म्हटलं की त्याने दाबायचं. बदक ओरडलं म्हणजे सगळं ठीक.

राळेगणकडचे एक दूधवाले टेबलावर होते. थर निघाला आणि शिलाई की पॅच यावरून दोघांची जुंपली. मी म्हटलं, "दाबा." बदक गप्प! पुन्हा म्हटलं, तरी गप्प! सर ओरडले, "नळी आणा, मेंदूचं रक्त चालू करा!"

तेवढ्यात कापडाखालून आवाज आला, "जरा थांबा हो डाक्टर. ह्यांचं काय ठरतंय ते ऐकू द्या की!"

*

आता सरांचा किस्सा. सर आज ठणठणीत आहेत, राउंडला सगळ्यांना फैलावर घेतात, म्हणून हसत सांगतोय.

एका सकाळी हात धुताना सरांच्या उजव्या हातातून ब्रश गळून पडला. थोड्या वेळात हात पूर्ववत झाला, पण मेंदूला रक्त कमी पडतंय हे आम्हाला कळलं होतं. तपासणीत मानेतली डावी धमनी बुजत आलेली निघाली. मुलगा म्हणाला, पुण्याला जाऊ. सर म्हणाले, "कशाला? गायत्री आहे ना!"

मॅडमचा चेहरा पांढराफटक. मेंदू गुरूंचा आणि सुरी आपल्या हातात! संमतीपत्रावर सही करताना सर एवढंच म्हणाले, "शक्यतो सरळच शिव."

मी मान बधिर केली. चिमटे लागले, बदक खणखणीत ओरडलं. थर अगदी एकसंध निघाला. आणि मॅडम थांबल्या. धमनी ना धड रुंद, ना धड बारीक. सरळ शिवली आणि पुढे आवळली तर? इतक्या वर्षांची सवय, त्यांनी मान वर करून समोर पाहिलं. समोर सर नव्हते. त्या खाली वाकल्या.

"सर, मापाला जरा कमी वाटतेय. काय करू?"

कापडाखालून आवाज आला, "गायत्री, टेबलावर पेशंट कोण आहे?"

"तुम्ही, सर."

"आणि सर्जन?"

मॅडम म्हणाल्या, "मी."

"मग पेशंटला काय विचारतेस!"

मॅडमनी हात पुढे केला. "सिस्टर, पॅच!"