हिरवा झेंडा पुढच्या गाडीला

निनाद आणि मीरा,

गेल्या रविवारी आपल्या घरच्या तीन गाड्या नारायणगावहून माळशेजला निघाल्या. मढच्या पुढे शलाकामावशीची गाडी बंद पडली. मांडीवर तान्हं बाळ. पुढच्या दोन गाड्या घाटात पोचल्या, भजी मागवली आणि फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला : 'सगळे पोचलो.' संध्याकाळी निनाद, तू फोनवर हसून म्हणालास, "आजी, म्हणूनच मी एकटा जातो. कुणासाठी थांबायला नको." आता तू आठवडाभर एकट्याने गाडी चालवत फिरायला जाणार आहेस म्हणे.

त्या फोटोचा मला राग आला. तुझ्या वाक्याचाही आला. का, ते तुम्हा दोघांसाठी लिहून ठेवते.

मी लष्करी नर्स होते, तेव्हा लेफ्टनंट. पोस्टिंग उत्तरेकडच्या डोंगरात. तिथल्या रस्त्यावर गाड्या कॉन्व्हॉयनेच, म्हणजे एका रांगेत एकत्रच, जायच्या. पहिल्या गाडीवर निळा झेंडा, शेवटच्या गाडीवर हिरवा. हिरवा झेंडा चेकपोस्टवर पोचला, की कॉन्व्हॉय पूर्ण झाला असं धरायचे आणि रस्ता बंद करायचे. मागे कुणी राहिलेलं नाही, असा त्या झेंड्याचा अर्थ.

त्या दिवशी हिरवा झेंडा आमच्या अ‍ॅम्ब्युलन्सवर होता. स्ट्रेचरवर एक जवान, अपेंडिक्स फुटलेलं. खालच्या हॉस्पिटलात ऑपरेशन व्हायचं होतं. ड्रायव्हर सोपान, हुद्दा नाईक, आपल्या मढचा. मी नारायणगावची म्हटल्यावर पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "मंग तुमी बाजारवाल्या, आमी डोंगरवाले. टमाटे तुमचे, पाऊस आमचा."

दुपारी चढावर क्लच प्लेट गेली. पुढचा ट्रक थांबला. त्यात रॉकेलची बॅरल खचाखच, स्ट्रेचरला जागा नाही. पण टोचन लावून आम्हाला ओढता आलं असतं. ट्रकमध्ये रेडिओ सेट होता. मी कॉन्व्हॉय कमांडरला विचारलं. तो कॅप्टन होता, सर्वात पुढे.

"टोचन नाही. स्पीड कमी होईल. हिरवा झेंडा ट्रकला द्या. तुम्ही दुरुस्ती करून कॅच अप करा. ओव्हर."

"सर, पेशंट सिरियस आहे. दुरुस्ती इथे होणार नाही. ओव्हर."

"लेफ्टनंट, कॉन्व्हॉय वेळेवर पोचला पाहिजे. झेंडा पुढे द्या. आउट."

ट्रकच्या ड्रायव्हरने मान खाली घालून झेंडा सोडून नेला. सोपान त्या ट्रककडे बघत राहिला. "आमच्या मढची जीपसुदिक मागं ऱ्हायलेल्या पॅशेंजरसाठी थांबती, मॅडम. अन् ही आर्मी!"

कॅप्टन चेकपोस्टला सांगेल, ओढून न्यायला रिकव्हरी गाडी येईल, असं धरून आम्ही थांबलो. त्याने सांगितलं नाही. चेकपोस्टने हिरवा झेंडा पाहिला आणि रस्ता बंद केला. आता त्या रस्त्यावर आम्हाला शोधायला कुणी येण्याचं कारणच उरलं नव्हतं. जवानाची नाडी जलद आणि क्षीण होत चालली. मी सलाइन बदललं.

"मॅडम, आता कोन येनार? झेंडा गेला," सोपान म्हणाला. "मी चालत जातो पोस्टावर."

"एकट्याने? पुढच्या नाल्यापाशी वरून दगड सुटताहेत."

"मंग तुमी येता का? ह्याला कोन बगल?"

मी त्याला जायला परवानगी दिली. तो पोस्टवर पोचला. तिथला सुभेदार आधी ऐकेचना. "कॉन्व्हॉय कंप्लीट आहे," म्हणाला. सोपानने त्याच्याशी भांडून रिकव्हरी गाडी काढायला लावली. ती सुरू व्हायला वेळ लागत होता. तोवर हा एकटाच परत निघाला. "मॅडमला वाटंल कुनीच येत न्हाई," एवढंच सांगून.

रिकव्हरीवाल्यांना तो नाल्यापाशी सापडला. डोक्यात दगड लागला होता. त्यांनी त्याला माझ्यासमोर उतरवलं. मी तपासलं. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मग त्यांनी आम्हाला टोचन लावलं, आणि जवान ऑपरेशनला पोचला.

चौकशी झाली. निष्कर्षात लिहिलं, की नाईक सोपान विनापरवानगी एकटा पायी गेला. परवानगी मी दिल्याचं सहीनिशी लिहून दिलं होतं. ते बाजूला ठेवलं. झेंड्याबद्दल एक शब्द नाही. कॅप्टनला पुढे बढती मिळाली. सोपान एकटा गेला म्हणे! बरोबर अख्खा कॉन्व्हॉय होता, आणि तो निघून गेला होता.

म्हणून निनाद, ग्रुपमध्ये असं चालायचंच, असं मला सांगू नकोस. चालत नाही. मागची गाडी दिसेनाशी झाली, की पुढच्याने थांबायचं. जो थांबत नाही, त्याने 'सगळे' हा शब्द वापरायचा नाही. आणि एकटा गेलास, तरी कुणासाठी थांबायला नको असं समजू नकोस. तू कुठे आहेस हे रोज एका माणसाला माहीत हवं, आणि तुझा फोन आला नाही तर उठून निघणारा तो हवा.

तो जवान आज आजोबा झाला आहे. दिवाळीला त्याचा फोन येतो. सोपानची बायको मढला आहे, अजून भाताच्या खाचरात उतरते. रविवारी शलाका बाळाला घेऊन रस्त्याकडेला बसली होती, तेव्हा याच बाईने शेतातून हाक मारून त्यांना घरी नेलं, आणि माळशेजहून गाड्या परत येईपर्यंत शलाकासोबत ओट्यावर बसून राहिली.