सरासरीतलं शून्य

आधी ताईंविषयी लिहितो. नाव घालू नका म्हणाल्या, म्हणून नुसतं ताई. मूळच्या नागपूरच्या, न्यूझीलंडला येऊन बरीच वर्षं झालेल्या. बाहेरच्या देशांतून आलेल्या लोकांच्या मार्कशीटा तपासायच्या आणि तिकडचं शिक्षण इकडच्या कुठल्या पायरीला बसतं ते ठरवायचं, हे त्यांचं काम. माझं शिक्षण कुठल्याच पायरीला बसत नाही. नववी अर्धी टाकून मी पुण्यात हॉटेलात लागलो आणि एका तव्यावरून दुसऱ्या तव्यावर करत इथल्या हेन्डरसन नावाच्या उपनगरातल्या एका किचनमध्ये येऊन पोचलो. तरी ताईंनी मला पहिल्या दिवसापासून 'दादा' म्हटलं, आणि माझ्या मुलीशी त्या खरं बोलल्या. बाकी आम्ही सगळे तिच्याशी गोड बोलत होतो.

मुलीला डॉक्टर व्हायचं होतं. इथं बारावीच्या मार्कांवर मेडिकल मिळत नाही. युनिव्हर्सिटीत एक वर्ष काढायचं, त्यातल्या ठरलेल्या पेपरांवर पहिली निवड होते. पेपर म्हणजे परीक्षेचा कागद नव्हे, अख्ख्या विषयाला इथं पेपर म्हणतात. त्या निवडीत ज्याचा नंबर लागला नाही, त्यानं पदवी पूर्ण करायची आणि पदवीच्या सरासरीवर पुन्हा अर्ज करायचा. ती पहिल्या वर्षी थोडक्यात हुकली. रडली वगैरे नाही. म्हणाली, "बाबा, दुसरा रूट आहे. जरा लांबचा आहे, बस."

दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात, इथला हिवाळा म्हणजे जून-जुलै, हिच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, पोटात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, मग पुढचे उपचार. हिला इंग्रजी समजतं पण डॉक्टरांसमोर सुचत नाही, आणि माझं इंग्रजी किचनपुरतं. म्हणून प्रत्येक वेळी मुलगी सोबत. डॉक्टर मुलीकडे बघून बोलायचा, मुलगी आईकडे बघून मराठीत सांगायची, आणि मी मुलीच्या तोंडाकडे बघत बसायचो. 'गाठ साधी नाही' हे आईला तिनंच सांगितलं. वीस वर्षांची पोर. सांगून झाल्यावर तिनं डॉक्टरला विचारलं, "एनी क्वेश्चन्स वी शुड बी आस्किंग?" आम्हाला काय विचारायचं असतं हेही ठाऊक नव्हतं.

त्यात तिचा एक पेपर कोलमडला. लॅब बुडाल्या, मधली परीक्षा बुडाली. युनिव्हर्सिटीचा ईमेल आला होता, की अमुक तारखेच्या आत पेपर सोडून दिला तर निकालात त्याचा आकडा धरत नाहीत. ती तारीख गणपतीच्या आसपास होती. मंडळाच्या गणपतीत जेवणाचं काम आमच्याकडे होतं, मी भात वाढत होतो, आणि तिनं तिथल्या एका काकांना विचारलं. काका बँकेत मोठ्या जागेवर. शिकलेला माणूस म्हणून आम्ही सगळे त्यांनाच विचारायचो.

"सोडायचा? छे छे," काका म्हणाले. "पेपरला बसायचं. फार तर काय, केटी लागेल. इंजिनिअरिंगला माझ्या तीन होत्या. सोडवल्या. आज कुणी विचारतं का?"

"मी विचारलं होतं," काकू म्हणाल्या. "लग्नाआधी. खोटं सांगितलंत."

सगळे हसले. मुलगीही हसली. आपल्याकडे केटी म्हणजे काय ते मलादेखील ठाऊक आहे. नापास झालेला विषय पुन्हा दिला आणि सुटला, की नवे मार्क जुन्यांच्या जागी बसतात, जुनं गेलं. काकांना वाटलं जगभर असंच असतं. आम्हालाही तसंच वाटलं. ती परीक्षेला बसली आणि नापास झाली. डिसेंबरनंतरच्या इथल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तोच पेपर पुन्हा घेतला आणि त्यात ए प्लस आणला. हिला तेव्हा नुकतं जेवण जायला लागलं होतं. मी श्रीखंड केलं. ते नापास होणं पुसलं गेलं असं समजून आम्ही तिघांनी श्रीखंड खाल्लं.

ताई आल्या त्याच्या पुढच्या जुलैत. त्यांच्या लोकांचा वर्षावासाचा कार्यक्रम होता, हॉल घेतला होता, जेवणाची ऑर्डर मला होती. मुलगी वाढायला आली होती. ताईंनी तिला विचारलं, काय करतेस. तिनं सांगितलं. शेवटचं वर्ष, एक सेमिस्टर राहिलं, मग मेडिकलला अर्ज. मधल्या पेपराचंही सांगितलं, सहज, संपलेली गोष्ट सांगावी तसं.

ताई जेवता जेवता थांबल्या. "सरासरी कुणी काढून दिली तुला?"

"काढली नाही अजून. पण चांगली येईल."

"दादा," त्या माझ्याकडे वळल्या, "रविवारी दुपारी घरी आले तर चालेल?"

मला वाटलं, शिकलेली बाई, कौतुक करायला येतेय. मी हिला सांगून ठेवलं, चांगले कप काढ.

रविवारी ताई आल्या, चहा बिनसाखरेचा घेतला आणि मुलीला लॅपटॉप उघडायला लावला. "एकेक अक्षर वाच." मुलगी वाचायला लागली आणि ताई अक्षरामागे आकडा सांगायला लागल्या. ए प्लसला नऊ, ए ला आठ, ए मायनसला सात, असं खाली खाली.

"टक्के नाहीत?" मी विचारलं.

"नाहीत, दादा. पंच्याऐंशीवाला आणि एकोणनव्वदवाला इथं सारखेच. दोघांनाही ए, दोघांनाही आठ."

"मग वरचे चार गेले कुठं?"

"कुठंच नाही गेले. त्यांना इथं किंमत नाही."

"आणि ते बेस्ट ऑफ फाइव्ह?" ही म्हणाली. "सगळ्यात वाईट विषय काढून टाकतात ते?"

"तेही नाही, वहिनी. सगळे धरतात."

मुलगी वाचत होती. दुसरं वर्ष आलं. नापास पेपर ओलांडून ती पुढच्यावर गेली. ताई म्हणाल्या, "मधला राहिला."

"तो मी रिपीट केला ना. ए प्लस आहे."

"त्याचे नऊ धरू. पण मधला?"

"डी."

"त्याचं शून्य."

"पण तो क्लिअर झाला, ताई."

"पदवीसाठी झाला. सरासरीत तो राहतो, बाळा. बेरजेत शून्य, आणि भागताना एक पेपर जास्त. मेडिकलवाले दोन्ही बघतात."

मला नीट समजलं नव्हतं. मी म्हटलं, "म्हणजे बघा, पातेल्यात चुकून तांब्याभर पाणी पडलं. मागून कितीही घट्ट वरण ओतलं, तरी ते पाणी आतच."

"तसंच," ताई म्हणाल्या. मग मुलीला विचारलं, रागावून नाही, खरंच जाणून घ्यायला: "वेळेत सोडला असतास तर आकडाच आला नसता. का नाही सोडलास?"

मुलीनं आमच्याकडे पाहिलं. "आपल्यात सोडत नाहीत ना."

ही उठून आत गेली. नळ सोडल्याचा आवाज आला आणि बराच वेळ येत राहिला.

ताईंनी पुढचा हिशेबही मांडला. शेवटच्या सेमिस्टरचे चार पेपर. चारही ए प्लस आले तर गेल्या वर्षी ज्या आकड्यापर्यंतच्या मुलांना मुलाखतीला बोलावलं होतं, त्याला ती जेमतेम शिवते. एक जरी खाली आला तरी नाही. आकडा दर वर्षी बदलतो, वरही जातो. "होईल गं, असं मी म्हणणार नाही," ताई म्हणाल्या. "अवघड आहे. पण काय करायचंय ते आता तुला कळलंय."

त्यांनी आणखी एक केलं. आईच्या आजारपणाचे हॉस्पिटलचे कागद घेऊन युनिव्हर्सिटीला लिहायला मुलीला मदत केली, की त्या पेपराचा विचार करावा. उत्तर चांगल्या शब्दांत आलं. वाईट वाटलं म्हणाले, पण असा अर्ज परीक्षेनंतर थोड्याच दिवसांत करायचा असतो, ती मुदत केव्हाच गेली. अशी काही सोय असते हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. खरं तर सांगितलं असेल, कुठल्या तरी ईमेलमध्ये. त्या दिवसांत ती फक्त हॉस्पिटलचे ईमेल उघडत होती.

पुढचे महिने घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. मुलगी बारीक होत गेली. तिची खोली झाडायला गेलो की उशीवर केस. मी तिच्या आवडीचं करायचो, ती दोन घास खाऊन "सॉरी बाबा" म्हणून उठायची. हिनं मंगळवार धरले. मुलगी चिडली, "आई, प्लीज, तुला गोळ्या असतात. माझ्या मार्कांसाठी तू उपाशी राहायचं नाही." परीक्षेच्या आठवड्यात सकाळी बाथरूममधून उलट्यांचा आवाज यायचा. मी दाराबाहेर उभा राहायचो. आपण शाळा सोडली तेव्हा आपल्याला काहीच झालं नव्हतं, एवढंच आठवायचं. एक दिवस गेलो नाही, मग गेलोच नाही. इतकं सोपं होतं ते.

निकाल तिनं स्वयंपाकघरात उभ्यानंच बघितला. तीन ए प्लस. चौथा ए.

मी हसणारच होतो. मग तिच्याकडे बघितलं.

"आठ," ती म्हणाली. "नऊ पाहिजे होते."

मंडळात काकांच्या कानावर गेलं. मला फोन करून म्हणाले, "अहो, ए म्हणजे काय नापास आहे? एवढ्या हुशार पोरीला घेत नाहीत म्हणजे यांचंच नुकसान." मनानं माणूस वाईट नाही. मी "हो हो" म्हणून ठेवून दिला. अर्ज आधीच गेला होता. त्या वर्षीचा आकडा वर गेला, खाली नाही. मुलाखतीचं बोलावणं आलं नाही.

ताई तोवर कामानिमित्त वेलिंग्टनला गेल्या होत्या. त्यांना मुलीनं नाही, मी कळवलं. संध्याकाळी त्यांचा फोन आला, स्पीकरवर होता. आधी विचारलं, "जेवलीस का?" मग म्हणाल्या, "या पदवीची सरासरी आता बदलत नाही. ते धरून बसू नकोस. पुढचं काही शिकलीस तर ते कुठली मेडिकल शाळा कसं मोजते, ते त्या शाळेच्या नियमात वाचायचं. प्रत्येकीचं वेगळं असतं, दर वर्षी बदलतं. मी सांगितलं म्हणूनही खरं धरायचं नाही. स्वतः वाचायचं."

"हो, ताई."

"आणि तू आईला डॉक्टरचं सगळं समजावलंस. त्याला कुठं आकडा नाही. पण मला ठाऊक आहे."

तेव्हा मुलगी रडली. वर्षभरात पहिल्यांदा. ताईंनी फोन ठेवला नाही.

सध्या ती इथल्या एका वृद्धाश्रमात काम करते. म्हाताऱ्यांना उठवायचं, अंघोळ घालायची, गोळ्यांच्या वेळा बघायच्या. पुढे शिकणार का, विचारलं तर "बघू, बाबा" म्हणते. मी पुन्हा विचारत नाही. हिची तपासणी दर काही महिन्यांनी असते, तेव्हा मुलगी सुट्टी घेऊन सोबत येते. पुढचं काय ते मला ठाऊक नाही, आणि भीती वाटते, खोटं का सांगू.

परवा ताईंशी बोलताना कळलं, त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचंय. सरकारी हॉस्पिटलची यादी लांब आहे, नंबर कधी लागेल ते कुणी सांगत नाही. तिकडे एकट्याच असतात. मी विचारलं, नंतर करून घालायला कोण? हसल्या आणि म्हणाल्या, "फ्रीजर आहे की."

ताई, नंबर लागेल त्या दिवशी मला फोन करा. पुढच्या वर्षी लागो नाहीतर त्याच्या पुढच्या. किचनमधून सुट्टी मिळाली तर सुट्टी घेऊन, नाही मिळाली तर नोकरी सोडून, मी वेलिंग्टनला येईन. तुम्ही चालायला लागेपर्यंत दोन्ही वेळचं ताजं करून घालीन.