जावेचा माड

माझ्या धाकट्या जावेचा माड माझ्या माडाच्या आधी पोयीला आला आणि मी दोन दिवस अंथरूण धरलं. पोय म्हणजे नारळाचा फुलोरा. तो फुटला की माड मार्गी लागला असं आमच्याकडे समजतात. घरच्यांनी मला तापाची गोळी दिली. ताप नव्हता, पण आंगणात पाऊल टाकलं की ती पिवळी पोय दिसणार, म्हणून मी तोंडावर चादर ओढून पडून राहिले. तिसऱ्या दिवशी गाय हंबरायला लागली तेव्हा नाइलाजाने उठले.

लाटंबार्स्याला आमची दोन घरं एकाच आंगणाला लागून आहेत. एकात मी आणि माझा नवरा, दुसऱ्यात धाकटा दीर आणि त्याची बायको. माझं माहेर पेडण्याचं, खाडीकाठचं. माडांच्या सावलीत रांगले आणि चुडतं, म्हणजे झावळ्या, ओढत मोठी झाले, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे. जाऊ घाटावरची, बेळगावच्या बाजूची. दीर तिकडे ट्रक घेऊन जायचा, तिथूनच हे स्थळ जमलं. लग्न होऊन आली तेव्हा सुपारीचं रोप कुठलं आणि नारळाचा कवाथा कुठला, हेही तिला कळत नव्हतं. बाईमाणूस असून 'मी येतो, मी जातो' असं बोलायची. मी पहिली काही वर्षं त्यावर मनसोक्त हसून घेतलं. ती मला अक्का म्हणायची, अजूनही म्हणते.

आंगणातला जुना माड वाऱ्यात पडला तेव्हा नवरा म्हणाला, माहेराहून दोन कवाथे आण, दोन्ही घरांना एकेक. मी गोणपाटात गुंडाळून बसमधून मांडीवर घेऊन आले. घरी आल्यावर निवड मीच केली. ज्याची मान जाड, पानं लवकर फाटलेली, तो कवाथा माझा. दुसरा किडकिडीत होता, तो तिच्या हातात दिला. तिने तो लेकरासारखा छातीशी धरला आणि म्हणाली, "अक्का, किती झ्याक दिलासा." मला जरा लाज वाटली, पण बदलून दिला नाही.

खड्डा किती खोल, खाली सोडणं म्हणजे नारळाच्या शेंड्या कशा पालथ्या घालायच्या, राख किती, सगळं तिने विचारलं आणि मी सांगितलं. मीठ मात्र गाळलं. माडाला मीठ लागतं हे पेडण्यातलं शेंबडं पोरही जाणतं, पण तिने विचारलं नाही आणि मी बोलले नाही. माझ्या खड्ड्यात दोन शेर जाडं मीठ पडलं. तिच्या खड्ड्यात नुसती राख. पुढे काय झालं तर बाईसाहेब आमच्याकडे येऊन मासे खायला शिकल्या, आणि बांगडे-तारले धुतलेलं खारट पाणी बाल्दी भरून रोज माडाच्या आळ्यात ओतायला लागल्या. कुणी सांगितलं नव्हतं. मोरीत वास येतो म्हणून ओतायची.

मी मात्र रीतसर करत होते. गोठ्यामागे खताचा मोठा खड्डा खणून घेतला. शेण, पालापाचोळा, गवत, सगळं त्यात. वर्षातून दोनदा टोपल्या भरभरून माडाला. माझा माड काळाभोर झाला. एकेक चुडत असं की खाली चार माणसं जेवायला बसावीत. सहा वर्षं मी त्याच्याकडे बघून मिशी नसताना मिशीवर ताव दिला. तिचा माड उंचीला कमी, रंगाला फिका, जरासा वाकडाही. आणि सातव्या वर्षी त्या वाकड्याने पोय काढली.

मुळगावचा एक पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, आमच्या बाजूच्या पाच-सहा गावांतले माड करतो. तो माझ्या माडाखाली उभा राहून वर बघत म्हणाला, "वैनी, तुज्या माडाक खावप चड जालां. तो पानां करता. पोय कित्याक काडटलो?" खत जास्त झालं म्हणून नुसती पानं सुटतात, असं त्याचं म्हणणं. जाऊ शेजारीच होती. ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

पुढच्या चवथीला तिच्या माडाला नारळाची पेंड, म्हणजे घड, तयार झाली. गणपती दोन्ही घरांचा मिळून एकच, तो माझ्या घरात बसतो, कारण घर थोरल्याचं. गणपतीवर लाकडी चौकट टांगून तिला रानातली फळं, सुपारीचे घड, नारळाची पेंड बांधतात, ती माटोळी. जुना माड पडल्यापासून पेंड डिचोलीच्या बाजारातून आणावी लागत होती आणि नवरा दर वर्षी चुकचुकायचा, घरचा नारळ नाही म्हणून. म्हणून तर मी सात वर्षं शेण उपसलं होतं. मला ती पेंड माझ्या माडाची हवी होती. दुसरं काही मागणं नव्हतं माझं.

नवऱ्याने आणि दिराने मिळून तिची पेंड माटोळीच्या मधोमध बांधली. आरतीला आलेला प्रत्येक माणूस वर बघायचा आणि विचारायचा, घरचो? नवरा छाती फुगवून सांगायचा, "घरचो. भावजयेन केल्लो माड." मी आत नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तळत होते. दोन घाणे करपले. जाऊ चुलीजवळ येऊन म्हणाली, "अक्का, सरका जरा, मी तळतो. तुम्ही बसा." मी सरकले नाही. करपलेल्या नेवऱ्या तशाच डब्यात भरल्या आणि लोकांनी गोड मानून खाल्ल्या.

पाचव्या दिवशी गणपती पोचवले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जनेलातून सहज बाहेर पाहिलं आणि तिच्या माडाचं नवं चुडत दिसलं. दोन्ही बाजूंनी सारखा कोन कापलेला, जणू घडी घालून कात्री चालवली. गेंड्या भुंगा. तो शेंड्यात शिरून कोवळा कोंब कुरतडतो, आणि मग पान उलगडलं की असं कातरलेलं निघतं. देठाशी चघळलेला भुसाही होता. मी परकरात असल्यापासून हे ओळखते. माझा बाप लोखंडी आकडीने असे भुंगे उपसून काढायचा आणि मी खाली उभी राहून ते मोजायची.

मी चहाचा पेला हातात घेऊन तशीच उभी राहिले. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. इतकं बरं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

थोड्या वेळाने तीच आली. "अक्का, माडाचं पान असं कशानं फाटलं हो?"

मी म्हणाले, "वाऱ्याने. पावसात होतं असं."

ती एकदा माडाकडे बघून म्हणाली, "होय का," आणि गेली.

मग तीन आठवडे पाऊस रोज लागून राहिला. मला ठाऊक होतं की भुंग्याने केलेल्या भोकात पाणी साचलं की कोंब कुजतो. आज सांगावं, उद्या सांगावं, असं रोज मनात यायचं. सकाळी मन घट्ट करून बाहेर पडायची, आणि तिच्या माडावर लोंबणारी दुसरी पेंड दिसली की तोंड आपोआप मिटायचं. या तीन आठवड्यांत ती आपली नेहमीसारखी होती. माटोळीच्या नारळातले तीन मला आणून दिले. एकदा सोलकढी करून तांब्याभर आणली. मी ती प्यायले आणि चांगली झाली असं सांगितलंही नाही, चांगली झाली होती म्हणूनच.

ऊन पडल्यावर एका सकाळी पाडेली आला. मी त्याला बोलावलं नव्हतं. सरळ तिच्या माडावर चढला, आकडी घातली आणि दोन भुंगे काढून खाली टाकले. मग मधला कोंब हळूच ओढला. तो त्याच्या हातात निघून आला. खालून घाण वास सुटला. पाडेल्याने कोंब नाकाशी नेला आणि मान हलवली.

खाली उतरून त्याने आजूबाजूला नजर टाकली. "हांगा खत खंय करतात?" मी बोट दाखवण्याआधीच तो गोठ्यामागे गेला. काठीने माझा खताचा खड्डा उकरला. अंगठ्याएवढ्या जाड, पांढऱ्या अळ्या वळवळत वर आल्या, एक नव्हे, दोन नव्हे, शेणापेक्षा त्याच जास्त. त्याला काही वाटलं नाही, सगळीकडे तो हेच बघतो. म्हणाला, "भुंगे हांगाच्यान जातात, वैनी. खड्डो वयर धांपूंक जाय आशिल्लो." भुंगा शेणात अंडी घालतो, म्हणून खड्डा झाकून ठेवायचा असतो. हेही मला ठाऊक होतं. माझ्या माडाला लवकर टोपल्या भरता याव्यात म्हणून मी तो कधी झाकला नाही.

मग तो हात धुता धुता आपली बाजू सांगायला लागला. "म्हाकाच वेळ जालो. गणपती पावयले त्याच दुसऱ्या दिसा हिचो फोन आयिल्लो, पान कातरलां, येया म्हणून. हांवें तेन्नाच सांगलें, भुंगो. मागीर दर दोन दिसांनी फोन. पावसांत खंय चडटलों हांव?"

दुसऱ्या दिवशी. म्हणजे मी वारा म्हणाले त्याच दिवशी. माझं उत्तर ऐकून, 'होय का' म्हणून, ती घरात गेली होती आणि तिने फोन लावला होता. तीन नारळ आणि ती सोलकढी त्याच्यानंतरची.

मी तिच्याकडे पाहिलं, आता ती बोलेल, चारचौघांत माझं पितळ उघडं पाडेल म्हणून. तिचे डोळे भरले होते, पण ती कुजलेल्या कोंबाकडे बघत होती. मग पदराने नाक पुसून पाडेल्याला म्हणाली, "आमचा राहू दे आता. अक्कांच्या माडावर चढा आधी. त्यात शिरला नसंल नव्हं?"

माझ्यातही शिरला होता, एकच, नुकता. पाडेल्याने तो उपसला, भोकात रेती आणि मीठ भरलं. माझा माड वाचला. तिचा पुढच्या महिन्यात झडून नुसता खुंट राहिला आणि दिराने घरी आल्यावर कापून टाकला. मी तिला 'चुकलं' म्हणाले ते बऱ्याच दिवसांनी, विहिरीवर, कळशी भरता भरता. ती म्हणाली, "जाऊ द्या अक्का," आणि माझी कळशी उचलून माझ्या कमरेवर दिली.

या उन्हाळ्यात माझ्या माडाने पोय काढली. मला ती आधी दिसली नाही, तिला दिसली. भर दुपारी तिने माझं दार वाजवलं, हाताला धरून मला बाहेर नेलं आणि वर बोट केलं. "बघा अक्का, आली नव्हं तुमची पोय." मी पोयीकडे पाहिलंच नाही. तिच्या तोंडाकडे बघत राहिले. कुठेतरी, डोळ्यांत, आवाजात, थोडा तरी हेवा असेल म्हणून शोधत राहिले. तेवढा जरी सापडला असता तरी मी तिला माफ केलं असतं.