पाळीवरचा रस्ता

अ‍ॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरांना मी दोन्ही प्रकारच्या फोनांवर एकच नकाशा दिलाय, असं मी सगळ्यांना छातीठोक सांगत होते. तो एकच नव्हता.

तालुक्याला, आमगावात बसून मी त्यांना रस्ता दाखवणारं अ‍ॅप बनवलं होतं. अँड्रॉइडसाठी घेतलेलं नकाशाचं साधन गुणी. अमुक रस्ता अमुक महिने बंद म्हटलं की ऐकायचं. आयफोनसाठीचं दिसायला देखणं, पण त्यात रस्ता बंद करायला वेगळा कोड लिहावा लागे. करू नंतर, म्हटलं. शुद्ध आळस माझा!

आमच्या गावात तलावाची पाळ हाच रस्ता. बैलगाडी, ट्रॅक्टर, वरात, सगळं पाळीवरूनच जातं. म्हणून मीही बिनधास्त तिथं रस्ता काढला. पण तलाव भरला की मधल्या सांडव्यातून पाणी धो धो वाहतं. हे मी फक्त अँड्रॉइडला सांगितलं होतं.

बाळंतपणाला माहेरी आलेल्या माझ्या बहिणीला त्या दुपारी कळा सुरू झाल्या. तीन दिवस पाऊस झोडपत होता. मी लॅपटॉपवर अ‍ॅम्ब्युलन्सचा ठिपका बघत होते. फाट्यावर तो पाळीकडे वळला. ठिपक्याखाली लिहिलं होतं, आयफोन.

ड्रायव्हर फोन उचलेना. घरी वडिलांना लावला.

"बाबूजी, गाडी पाळीवरून येऊन राहिली!"

"पाळीवरून कायले? सांडव्यात कमरेइतकं पाणी आहे."

"माझ्या नकाशामुळं. आयफोनात पाळ बंद करायची राहिली."

बाबूजींनी फोन कापला. ठिपका पुढं सरकतच होता. सांडव्याशी थांबला. थांबला की बुडाला? देवा, वळव रे त्याला! किती तरी वेळानं तो उलटा सरकू लागला आणि मोठ्या रस्त्यानं घरी पोचला.

दवाखान्यात पोचले तेव्हा भाची झाली होती. दोघी सुखरूप. बाबूजी बाकावर बसले होते, कमरेपर्यंत ओले.

"तुम्ही पाण्यात काऊन उतरले?"

"नाही तं त्याले खोली कशी दिसन? काठावरून हात हलवला, तं त्याले वाटलं बलावून राहिलो. मंग उतरलो." टॉवेल पिळत ते म्हणाले, "पुढच्या खेपेला तुह्या त्या आयफोनात कोन उतरन, बाई?"

मला रडूच फुटलं. डोळे पुसले आणि तिथंच, त्यांच्या शेजारी, लॅपटॉप उघडला.