तिसरी खेप

“बाय, मी आता कुठं हाय?”

सकाळी अकराच्या सुमारास माझ्या फोनवर हा प्रश्न यायचा. विचारणारा माणूस वाट चुकलेला नसे. शहापूर तालुक्यातला एकेक खड्डा त्याच्या ओळखीचा होता. उन्हाळ्यात पाण्याचा टँकर चालवणारे ते काका, आणि मी पंचायत समितीच्या पाणीटंचाई कक्षातली कंत्राटी संगणक परिचालक. त्या वर्षी प्रत्येक टँकरला जीपीएसचं यंत्र बसलं आणि माझ्यासमोरच्या पडद्यावर ठिपके फिरू लागले. टँकर ठरलेल्या रस्त्याने चालला की ठिपका हिरवा, रस्ता सोडला की लाल. हे मशीन खरं बोलतं का, एवढंच काकांना तपासायचं असे. त्यासाठी ते गाडी बाजूला घेऊन फोन लावत.

“आटगावच्या पुढे, मोरीजवळ,” मी सांगे.

“बरोबर,” म्हणून ते फोन ठेवत. जणू परीक्षा माझी होती आणि मी पास झाले होते.

एकदा नेटवर्कने घोळ घातला आणि ठिपका धरणाच्या मधोमध जाऊन बसला. मी तसं सांगितलं. काका शांतपणे म्हणाले, “मंग सायबांना लवकर कळवा गो. मला पवता येत नाय.”

साठीच्या आसपासचा, सुकलेल्या अंगाचा माणूस. उन्हाळ्यात आमच्या भागात आला असाल, तर टँकर विहिरीत रिकामा होताना तुम्हीही पाहिला असेल. बायका कळश्या घेऊन कडेला उभ्या असतात, ड्रायव्हर पाइप सोडून बिडी ओढत बसतो. काका आधी चपला काढायचे, हात धुवायचे, पाइपाचं तोंड धुवायचे आणि मगच पाइप विहिरीत सोडायचे. कुणी घाई केली तर म्हणायचे, “पेयाचं पानी हाय. टायर धुयाचं नाय.”

यंत्रालाही त्यांनी मान दिला होता. पहिल्या खेपेआधी गाडीची पूजा करताना त्या काळ्या डबीवर हळदकुंकू वाहिलं. यंत्र बसवायला आलेला माणूस वैतागला. म्हणाला, “काका, आत जाईल ते. बंद पडेल.” काकांनी फडक्याने डबी पुसली आणि लांबून उदबत्ती ओवाळली.

एप्रिल संपत आला तेव्हा त्यांचा ठिपका लाल होऊ लागला. एक दिवसाआड, तिसऱ्या खेपेला. डोंगराखालच्या गावाच्या विहिरीवर टँकर थांबे, मग नकाशात नसलेल्या रस्त्याने वर चढे आणि पाऊण तास एका जागी उभा राही. अहवाल आपोआप साहेबांकडे जायचा. साहेब म्हणजे गटविकास अधिकारी. त्यांनी मला बोलावून सांगितलं, “पाणी कुठे जातंय ते बघून या. बाहेर विकत असतील तर उद्यापासून दुसरा ड्रायव्हर.”

मी आधी फोन केला. “काका, काल तिसऱ्या खेपेला तुम्ही कुठे होता?”

पडद्यावर त्यांचा ठिपका थांबला.

“तुमाला दिसतो ना मी,” ते म्हणाले. “मंग तुमीच सांगा.”

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या शेजारी केबिनमध्ये बसले. तिसऱ्या खेपेला काकांनी गावच्या विहिरीत बरंचसं पाणी सोडलं, उरलेलं ठेवून पाइप गुंडाळला आणि गाडी डोंगराकडे वळवली. लाल मातीची चढण, एका बाजूला घळ. काका पहिल्या गिअरमध्ये, ओठ घट्ट मिटून. मी दाराची कडी धरून.

वर नऊ घरांचा पाडा होता. टँकरचा आवाज ऐकून प्रत्येक घरासमोर पिंप आधीच मांडलेलं होतं. गावाच्या लोकसंख्येत ही घरं मोजली होती, त्यांच्या वाट्याचं पाणी मंजूरही होतं. पण ते पडायचं खालच्या विहिरीत. इथल्या बायका डोंगर उतरून पोचेपर्यंत विहिरीत गाळ उरलेला असे.

एका म्हातारीने माझ्याकडे बोट केलं. “ही कोन रे?”

“हापिसातली बाय हाय,” काका म्हणाले. “हिला मशीनमधी सगला दिसतो. टँकर कुठं हाय, कवा थांबला.”

“आमी पन दिसतो?” म्हातारीने मला विचारलं.

खोटं बोलवेना. “नाही आजी. फक्त टँकर दिसतो.”

तिने जरा विचार केला. मग काकांना म्हणाली, “मंग तू हितंच उभा रहा थोडा.”

सगळ्या बायका हसल्या. काकाही हसले. मला मात्र हसता येईना.

परतताना त्यांनी विषय काढला. “बाय, तुमी लिवायचा ता लिवा. खोटा नका लिवू. माजी काय तक्रार नाय.”

मी खरं तेच लिहिलं. त्या लाल थांब्यांची यादी छापली, तारीख आणि वेळ सगळं. मग ग्रामसेवकांना गाठून पाड्यासाठी वेगळ्या थांब्याचा अर्ज घेतला आणि ती यादी त्यालाच जोडून साहेबांपुढे ठेवली. साहेबांनी काकांना बोलावून घेतलं.

काका धुतलेला सदरा घालून आले. चपला दाराबाहेर काढल्या, आत आले आणि टँकरची चावी टेबलावर ठेवली.

“ही कशाला?” साहेबांनी विचारलं.

“माजी आता गरज नाय ना.”

साहेब यादी चाळत होते. “तुम्ही नियम मोडलात.”

“व्हय.”

“पण पाड्याला पाणी लागतं, याचा पुरावा मागितला असता तर याहून चांगला कुणी दिला नसता.” त्यांनी चावी काकांकडे सरकवली. “रस्ता कसा आहे? गाडी घळीत गेली तर?”

“तुमी या ना सायब. मंग ठरवा.”

साहेब आले. त्यांची जीप दुसऱ्या वळणावर फसली आणि उरलेली चढण त्यांनी घाम पुसत चालत काढली. आठवड्याच्या आत मंजुरी आली. मी थांब्याचं नाव टाकायला बसले आणि ‘वरचा पाडा’ असं टाइप केलं. काका खिडकीतून डोकावत होते.

“तसा नका लिवू. त्याला नाव हाय. बिवळपाडा.”

मी खोडून पुन्हा लिहिलं. त्यांनी ते अक्षर अक्षर लावून वाचलं, आणि माझ्यासाठी समोरच्या टपरीवरून चहा आणला.

पुढच्या उन्हाळ्यात त्या टँकरवर नवा ड्रायव्हर आला. काकांच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता, परवाना त्यांनी स्वतःहून मुलाकडे कपाटात ठेवायला दिला म्हणे. नवा ड्रायव्हर भला आहे, बिवळपाड्याला नेमाने जातो. फोन मात्र करत नाही. ठिपका दिवसभर हिरवा असतो आणि अकरा वाजले की मला उगीचच चुकल्यासारखं होतं.

काकांना मी शेवटचं पाहिलं ते थंडीत, म्हसा गावच्या जत्रेत. मी घोंगड्यांच्या दुकानापाशी उभी होते. समोरचा मोठा पाळणा माणसं भरायला थांबला होता आणि सगळ्यात वरच्या डब्यात ते बसले होते, शेजारी काकू. मी हाक मारली नाही, तेवढ्या गोंगाटात ती पोचलीही नसती. काका हात लांब करून काकूंना डोंगर, रस्ते, गावं दाखवत होते. काकूंनी दोन्ही हातांनी त्यांची बाही धरली होती, डोळे गच्च मिटले होते, आणि काकांच्या प्रत्येक शब्दाला त्या मान डोलवत होत्या.